जॉब बिघडू द्यावा की हातातून काढून घ्यावा? आयटीआयत शिकवणाऱ्यांना (आणि शिकलेल्यांना) प्रश्न

तिरपा_गुण्या
७ सप्टेंबर, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी फिटर. आमच्या वेळी वर्गाच्या पाटीवर 'जोडारी' लिहिलेलं असायचं, टर्नर म्हणजे 'कातारी' आणि वेल्डर म्हणजे 'संधाता'. संधाता म्हणवून घेतलेला एकही वेल्डर मी आजवर पाहिलेला नाही, ते असो. सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत टूलरूममध्ये ११ वर्षं काढली. नाइट शिफ्टनं पित्त धरलं, घरचेही मागं लागले, म्हणून यंदा ऑगस्टपासून इथल्याच एका खासगी आयटीआयत तासिका तत्त्वावर निदेशक झालोय. फिटरची पहिल्या वर्षाची बॅच, २० पोरं.

मला वाटलं होतं, काम येतंय म्हटल्यावर शिकवायला काय लागतंय.

पहिलाच जॉब (म्हणजे हातानं घडवायचा तुकडा) कानस मारायचा. एमएस (माइल्ड स्टील) फ्लॅटचा तुकडा, एक बाजू सपाट करायची, मग तिच्याशी दुसरी काटकोनात. मी व्हाईसला (जॉब पकडायच्या शिकंजाला) लावून करून दाखवलं. पाच-सात मिनिटांत बाजू तयार, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडात धरला तर फटीतून केसाएवढाही उजेड नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. (टाळ्या वाजल्या तिथंच मला कळायला पाहिजे होतं.) मग पोरं लागली घासायला. दोन दिवसांनी जॉब तपासले तर वीसच्या वीस जॉबना पोट. मधे गुण्या टेकतोय, दोन्ही कडांना उजेड दिसतोय.

मी काय केलं? "सरळ मार की बे" हे चाळीसदा म्हणून झालं. नंतर एकाच्या हातातली कानस घेतली आणि त्याचा जॉब नीट करून दिला. झालं, लाइन लागली. संध्याकाळपर्यंत मी सहा जॉब घासले. पोरं खूश, माझा खांदा गेला. शेवटी एक बारकं पोरगं आलं, अक्कलकोटकडचं आहे, आणि विचारतं, "सर, तुम्ही हातानं नक्की काय करता? आम्ही बी तसंच करायलाव की."

मला सांगता आलं नाही. खरं सांगतो, नाहीच आलं. मला येतं, पण काय येतं तेच माहीत नाही.

इथं शिकवणारे, शिकलेले, मिस्त्रीच्या हाताखाली मार खाल्लेले सगळे असतील. चांगल्या निदेशकाला नेमकं काय यावं लागतं? सीआयटीएस (निदेशकांचा प्रशिक्षण कोर्स) मी केलेलं नाही, पुढच्या वर्षी करीन. पण सोमवारी पोरं समोर उभी राहणार आहेत.


शेंगाचटणी
७ सप्टेंबर, रात्री ११.१५

पहिला धागा, तोही सोलापुरातून. चादर होईपर्यंत वाढू दे. वाचतोय.


पेन्शनीत_कानस
८ सप्टेंबर, सकाळी ६.०५

शासकीय आयटीआयत ३१ वर्षं निदेशक होतो, तीन जिल्हे फिरलो. सकाळी झोप येत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

वीस जॉबना पोट आलं म्हणजे वीस पोरं चुकली असं नव्हे. एकच चूक वीस जागी झाली. कानस पुढे जाताना हातांवरचं ओझं बदलत जावं लागतं. सुरुवातीला टोकावरच्या डाव्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही सारखे, शेवटाला मुठीकडचा उजवा जास्त. तुमचा हात हे ११ वर्षं आपसूक करतोय, म्हणून तुम्हाला ते दिसत नाही. पोरं दोन्ही हातांनी एकसारखं दाबतात. मग कानस सीसॉसारखी आधी मुठीकडे झुकते, मग टोकाकडे, आणि दोन्ही कडा खाते. मधे उरतं ते पोट.

आता दुसरं बघा. व्हाईसची उंची. पोराला व्हाईसशेजारी ताठ उभं करा, मूठ हनुवटीखाली ठेवायला सांगा. कोपर व्हाईसच्या जबड्याच्या वरच्या कडेला टेकलं पाहिजे. तुमची उंची बऱ्यापैकी असणार. ते अक्कलकोटचं बारकं पोरगं खांदे उचलून कानस मारत असेल, त्याला तुमच्यासारखं करता येणारच नाही, कितीही नीट बघितलं तरी. पायाखाली फळी द्या.

माझी पहिली सहा वर्षं अशीच गेली. माझे हात चांगले होते आणि मला त्याचा माज होता. पोरांचे जॉब मीच सुधारायचो, परीक्षेत सगळे पास, बाहेर गेल्यावर कंपनीतून आठवड्यात परत. एकदा एका जुन्या फोरमननं मला सुनावलं, "मास्तर, तुमची पोरं तुमच्या हातानं पास झालीत, ते हात इथं पाठवा." ते लागलं.

त्यानंतर मी एकच सवय लावून घेतली. बिघडलेला जॉब भंगारात टाकायच्या आधी दोन मिनिटं हातात धरून बघायचा. पोरगं तोंडानं काय सांगतं ते सोडा, सगळं जॉबवर लिहिलेलं असतं. दोन्ही कडा पडल्या तर दाब चुकला. एकच कोपरा खाली गेला तर उभं राहणं तिरकं आहे, पाय बघा. मधेच खोल ओरखडे असतील तर दात्यांत चूर अडकलाय, कानशीवर खडू घासलेला नाही, ब्रश मारलेला नाही. बाजू सपाट पण काटकोनात नाही, तर पोरगं जॉब व्हाईसमध्ये तिरका धरतंय आणि गुण्या फक्त शेवटी लावतंय. असं वाचायला लागलो तेव्हा कुठं मी निदेशक झालो. हातात कसब असावंच लागतं, त्याशिवाय वाचता येत नाही. पण कसब पोरांना दाखवायला कमी आणि त्यांची चूक ओळखायला जास्त वापरायचं असतं.

आणि तुमच्या शीर्षकाचं उत्तर: जॉब बिघडू द्या, पण काय बिघडू द्यायचं ते तुम्ही ठरवा. एमएसचा तुकडा बिघडला तर फार तर भंगार होईल. लेथच्या चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या फिरत्या भागात) चक-की (तो आवळायची किल्ली) तशीच राहिली आणि मशीन सुरू झालं तर कुणाचं तरी डोकं फुटेल. पहिल्या ठिकाणी तोंड बंद ठेवायचं, दुसऱ्या ठिकाणी अख्खं वर्कशॉप हादरेल असं ओरडायचं. बरेच जण नेमकं उलटं करतात.


स्पष्टवक्ता_४१३
८ सप्टेंबर, सकाळी ९.३०

हे सगळं गोड गोड ठीक आहे. मी आयटीआयत दोन वर्षं काढली (कुठं ते सांगत नाही). आमचे निदेशक यायचे, मस्टर भरायचे, जर्नल तपासून सही करायचे. मायक्रोमीटर कपाटात, कपाटाची किल्ली स्टोअरमध्ये, स्टोअरवाला रजेवर. सहा कानशी, त्यातल्या चार गुळगुळीत. आधी सामान द्या, मग गुणांच्या गप्पा मारा.


तिरपा_गुण्या
८ सप्टेंबर, सकाळी १०.०२

@पेन्शनीत_कानस, सर, दंडवत. आजच फळ्या शोधतो.

@स्पष्टवक्ता, आमच्याकडंही कानशी बेताच्याच आहेत हो. पण माझा घोळ असा आहे की कानस चांगली होती, व्हाईस चांगला होता, पोरं इमानदारीनं घासत होती, तरी पोट आलं. ते सामानामुळे नव्हतं, माझ्यामुळे होतं.


पेन्शनीत_कानस
८ सप्टेंबर, सकाळी १०.४०

स्पष्टवक्ता, तुमची तक्रार खोटी नाही. मी असे सहकारी पाहिलेत. मायक्रोमीटर कपाटात ठेवायचं कारण भीती असते: पडला तर जबाबदारी निदेशकावर, वसुली पगारातून. म्हणून काही जण दोन वर्षं फळ्यावर खडूनं मायक्रोमीटर काढून शिकवतात. पण रॅचेट तीनदा कट-कट वाजेपर्यंत फिरवायचा आणि तिथं थांबायचं, ही गोष्ट फळ्यावर शिकवता येत नाही. पोरं सी-क्लॅम्पसारखा आवळतात. ०.०१ मिलिमीटर मोजणारं हत्यार, आणि आवळण्यातच त्याहून जास्त फरक पडतो. ते पोरांच्या बोटांना कळायला हत्यार त्यांच्या हातात द्यावंच लागतं, पडायची जोखीम घेऊन. ही जोखीम घेणं हासुद्धा निदेशकाचा गुणच समजा.


बॉबिन
८ सप्टेंबर, दुपारी २.२०

मी इंजिनीअरिंगवाली नाही, शिवणकामाची आहे. सोलापुरात गणवेशाचा धंदा केवढा आहे ते इथल्यांना माहीतच आहे. मी बायकांना ज्युकीवर (कारखान्यातल्या मोटारीच्या वेगवान शिलाई मशीनवर) बसायला शिकवते. घरच्या पायमशीनवर वीस-वीस वर्षं शिवलेल्या बायकासुद्धा ज्युकीवर पहिल्यांदा बसल्या की पाय टेकताक्षणी मशीन कापड घेऊन पळतं आणि त्या किंचाळतात.

पहिले दोन दिवस मी सुईत दोरा ओवूच देत नाही. वहीचा कागद देते. आधी सरळ रेघेवरून, मग नागमोडी, मग चौकोन. कोपरा आला की सुई खाली, पाय वर, कागद फिरवा, पाय खाली. कागदावर भोकं पडतात, त्यामुळे कुठं घसरलं ते तिचं तिलाच दिसतं, मला बोलावं लागत नाही. दोरा नाही म्हणजे दोरा तुटण्याची, गुंता होण्याची भीती नाही. एका वेळी एकच भीती घ्यायची, तीन नाहीत.

दुसरी गोष्ट. बाई काय घेऊन आलीय ते बघायचं. मागे एक जण आल्या, चाळिशीच्या पुढच्या, सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मला काय येतंय ओ ताई." मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा गुंडाळणं, सगळं न बघता. बोटं माझ्यापेक्षा चपळ होती, अडचण फक्त पायाची होती. मग मी मशीन बंद ठेवून त्यांना नुसतं पेडल दाबायला बसवलं, अर्धं दाब, सोड, अर्धं दाब, सोड. चार दिवसांत कॉलर लावायला लागल्या. मी पहिल्या दिवशी त्यांना 'नवीन' समजून अ-आ-ई पासून सुरू केलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्या आल्या नसत्या.

आणि हो, मी मुद्दाम मशीन बिघडवून ठेवते. वरच्या दोऱ्याचं टेन्शन ढिलं करते. मग कापडाच्या खालून गुठळ्या येतात. सगळ्या जणी खालची बॉबिन काढून बसतात, कारण गुठळ्या खाली दिसतात. दोष वर असतो. हे मी सांगून दहादा विसरल्या, पण एकदा तासभर बॉबिनशी झटापट करून स्वतः सापडलं की जन्मात विसरत नाहीत.


शेंगाचटणी
८ सप्टेंबर, दुपारी २.४५

'दोष वर असतो, गुठळ्या खाली दिसतात.' हे शिवणकामापुरतं आहे ना ताई? नाही, आमच्या ऑफिसात छापून लावीन म्हणतो.


ठिणगी
८ सप्टेंबर, रात्री ९.१०

माझं होटगी रोडला फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. आयटीआयचं एखाद-दुसरं पोरगं अप्रेंटिस म्हणून येतं, म्हणजे शिकवणं मलाही चुकलेलं नाही.

वेल्डिंगला गंमत अशी आहे की पोराला तुमचं काम दिसतच नाही. काळ्या काचेतून बघितलं तर फक्त एक लखलखीत ठिपका, आणि काच काढून बघितलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. आमच्याकडं त्याला 'वेल्डिंग लागलं' म्हणतात. (रात्रभर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही, आणि चकत्यांचा उपयोगही काही नाही. शिकवताना पहिल्या तासाला काच, मगच रॉड.)

मग शिकवायचं कसं? दोन गोष्टी. एक, कुठं बघायचं ते सांगायचं. पोरं आर्ककडे, म्हणजे त्या लखलखीत ठिपक्याकडे बघतात. आर्ककडे बघू नको, त्याच्या मागं वितळलेलं डबकं आहे, ते बघ. त्याची रुंदी सारखी राहिली की मागं बीड (वेल्डची रेघ) आपोआप सारखी पडते. हे एक वाक्य मला कुणी सांगितलंच नाही, माझं दीड वर्ष त्यात गेलं. दोन, आवाज. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला आर्कची लांबीही साधारण तेवढीच, तीन मिलिमीटर. आता काचेतून पोराला तीन मिलिमीटर काय कप्पाळ दिसणार. पण कान असतात. आर्क बरोबर असला की मोहरी तडतडल्यासारखा एकसारखा आवाज येतो. लांब झाला की फुस्स-फुस्स करतो आणि छर्रे उडतात. जवळ गेला की आवाज दबतो आणि रॉड चिकटतो. मी पोराला तोंड फिरवून उभं करतो, स्वतः वेल्डिंग मारतो आणि विचारतो, आता लांब का जवळ? दहा मिनिटं हा खेळ. मग त्याच्या हातात होल्डर.


जॉबरची_लेक
९ सप्टेंबर, सकाळी ११.३५

ठिणगी यांचं आवाजाचं वाचून राहवलं नाही.

आमचे बाबा मिलमध्ये जॉबर (मागांवरचे मुकादम) होते, मिल बंद पडल्यावर पूर्व भागात पॉवरलूमच्या कारखान्यात गेले. चालू मागांच्या शेडमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, सगळं खाणाखुणांवर. बोटांनी कात्री केली की धागा तुटला, मनगट फिरवलं की बीम बदलायचं. बाबा घरी जेवतानासुद्धा कधीकधी आईला खुणेनं भाकरी मागायचे. आणि माग बिघडलाय हे ते शेडच्या दारातून, आवाजावरून सांगायचे, कितव्या रांगेतला तेसुद्धा.

पण एक सांगू? ते चांगले शिकवणारे नव्हते. त्यांच्या हाताखालच्या पोरांना ते नेमकी शेवटची गोष्ट सांगायचे नाहीत. धोटा का उडतो, कुठला नट पाव आटा फिरवायचा, ते पोरांकडे पाठ फिरवून उभे राहून करायचे. सगळंच शिकवलं तर आपली गरज काय उरणार, ही भीती. त्या काळात ते चूक होतं असं म्हणवत नाही मला. घर त्यावर चालत होतं. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून या गावात हजारो लोकांनी असंच बघून-बघून, चोरून-चोरून काम शिकलंय. 'उस्तादाकडून विद्या चोरावी लागते' ही म्हण उगाच नाही. पण पगारी निदेशकाला ती भीती नाही ना? त्याची नोकरी पोरगं शिकलं म्हणून जात नाही. तरी काही जण तसेच पाठ फिरवून उभे राहतात. ते का, हे मला कळलेलं नाही.


चुनाभट्टी_रिटर्न
९ सप्टेंबर, सायंकाळी ७.००

धागाकर्ते, सीआयटीएस जरूर करा. मी मुंबईला चुनाभट्टीला केलं, एक वर्षाचं असतं. जाताना मलाही वाटत होतं, कागदासाठी करतोय. त्यातली एक गोष्ट मात्र रोज वापरतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अनुभवी कामगार लढाईवर गेले आणि कारखान्यांत नवखी माणसं भरावी लागली. तेव्हा फोरमन लोकांना घाईनं शिकवायला शिकवलं गेलं, चार पायऱ्यांत: तयारी, करून दाखवणं, करून घेणं, पाठपुरावा. ऐकायला पाठ्यपुस्तकी आहे. खरी मेख दुसरी आणि तिसरी पायरी कशी करायची त्यात आहे. मी असं करतो. एकदा नेहमीच्या वेगानं, तोंडातून अवाक्षर न काढता. मग अगदी सावकाश, प्रत्येक हालचाल बोलत. तिसऱ्यांदा पोरगं बोलतं आणि मी ते सांगेल तेच आणि तेवढंच करतो. ते म्हणालं 'कानस पुढं ढकला' आणि दाबायला सांगितलं नाही, तर मी न दाबता ढकलतो. वर्ग हसतो, पण काय राहिलं ते सगळ्यांना कळतं. चौथ्यांदा ते करतं आणि स्वतःच बोलतं.

तिरपा_गुण्या, तुम्ही पहिलीवर थांबलात आणि टाळ्या घेतल्या, इतकंच झालं. :)


सर्व्हो
९ सप्टेंबर, रात्री ११.२०

मूळचा सोलापूरचा, सध्या चाकणला सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) प्रोग्रामर. थोडं कडू बोलतो. २० पोरांचे दोन महिने कानस मारण्यात घालवताय. बाहेर कोण कानस मारतंय? चांगला शिक्षक तो, जो आजचं मशीन शिकवतो. आमच्याकडे येणाऱ्या पोरांना जी०२ आणि जी०३ (गोलाई कापायच्या कमांड) मधला फरक सांगता येत नाही.


पेन्शनीत_कानस
१० सप्टेंबर, सकाळी ६.१५

सर्व्हो, कानस कमी करा याला माझा विरोध नाही. पण तुमच्याकडं मशीनमधून निघालेल्या जॉबच्या कडेची बर (राहिलेला धारदार कंगोरा) कोण काढतं? आणि ०.०५ मिलिमीटर म्हणजे किती, हे ज्याच्या हाताला माहीत नाही तो ऑफसेटमध्ये (मशीनला द्यायच्या टूलच्या मापात) दशांशचिन्ह एक घर चुकवतो आणि त्याला काही विचित्र वाटतच नाही.


सर्व्हो
१० सप्टेंबर, सकाळी ८.४०

दशांशचिन्हाचं बरोबर आहे. मागच्या महिन्यात आमच्याकडे हेच झालं, जी०० मध्ये (वेगानं सरकायच्या कमांडमध्ये) टूल सरळ चकवर. पण तरी माझा मुद्दा राहतोच. निदेशक १५ वर्षं कारखान्यात फिरकलेला नसेल तर तो जुनंच शिकवणार.


तिरपा_गुण्या
१० सप्टेंबर, सकाळी ९.०५

हे मान्य. मला सीएनसी टर्निंग जेमतेम येतं. मागे एका पोरानं यूट्यूबवर बघून टूल नोज रेडियस कॉम्पेन्सेशनबद्दल विचारलं. कारखान्यात असतो तर थाप मारली असती. इथं म्हणालो, मला नीट येत नाही, शनिवारी जुन्या कंपनीत जाऊन विचारून येतो. गेलो, विचारलं, सोमवारी सांगितलं. माझी इज्जत जाईल असं वाटलं होतं. झालं उलटंच, आता पोरं रोज काहीतरी शोधून आणतात मला अडकवायला.


विजापूर_वेस
१० सप्टेंबर, दुपारी १.३०

एक मुद्दा कुणीच काढला नाही. भाषा. सोलापूरच्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी पोरं असतात, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची कन्नड बोलणारी असतात, काहींच्या घरी उर्दू. थिअरीचं पुस्तक वेगळ्याच मराठीत, ऑनलाइन परीक्षा अजून वेगळ्या शब्दांत. मी वायरमन ट्रेडला शिकवतो. 'भूसंपर्कन' म्हटलं की सगळे गप्प. 'अर्थिंग' म्हटलं की सगळ्यांना कळतं. मी पहिल्या आठवड्यात भिंतीवर एक कागद लावतो: पुस्तकातला शब्द, दुकानातला शब्द, आणि पोरांच्या घरचा शब्द. तिसरा रकाना पोरं भरतात. मला त्यातून बरंच तेलुगू आलं.

आणि जो पोरगा वर्गात एक शब्द बोलत नाही तो 'ढ' नसतो हो. तो मनात भाषांतर करत असतो. त्याच्या शेजारी घरची भाषा बोलणारा दुसरा बसवा आणि ऐका कसा बोलतो.


शेंगाचटणी
१० सप्टेंबर, दुपारी २.००

थोडं विषयांतर. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतल्या डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, सगळ्यांना ठाऊक आहे. प्राथमिकचे गुरुजी, हायस्कूलचे सर, कॉलेजचे प्रोफेसर. आयटीआयच्या निदेशकाला मात्र गावात काय हाक मारायची हेच ठरत नाही. आमच्या शेजारी एक आहेत, अर्धी गल्ली 'सर' म्हणते, अर्धी 'मिस्त्री'. त्यांना स्वतःला काय आवडतं विचारलं, तर म्हणाले, ट्यूबलाइट गेली की मिस्त्री, पोराच्या ॲडमिशनला सर.


कातारी_रघू
१० सप्टेंबर, रात्री १०.४५

टर्नरवाल्यांकडून एक. गड्ड्याची यात्रा झाली, नवरात्र झालं, की पोरांच्या मनगटात दोरे येतात. लाल, काळे, कुणाचा पाच पदरी गंडा. लेथवर फिरत्या जॉबजवळ मनगटात दोरा म्हणजे काय, ते मी एकदा बघितलंय, इथं लिहीत नाही.

आमचे एक सर सरळ कात्री घेऊन दारात उभे राहायचे. दोरा कापला जायचा, पण पोरगं दिवसभर सरांवर जळत राहायचं, आणि एकाचे आजोबा भांडायला आले होते. त्यांच्यानंतर दुसरे आले. ते पोराला बाजूला घ्यायचे, कुणी बांधला, कधी बांधला विचारायचे, आणि म्हणायचे, हाच दंडावर बांध, बाहीच्या आत, वर्कशॉपभर तुझ्याजवळच राहील. स्वतःच्या हातानं बांधून द्यायचे. दोघांचा नियम एकच, मनगट मोकळं पाहिजे. पण दुसऱ्या सरांच्या वर्गात पोरं एकमेकांची मनगटं तपासायची. पहिल्यांच्या वर्गात सर दिसले की बाही खाली ओढायची.


स्पष्टवक्ता_४१३
११ सप्टेंबर, सकाळी ९.१५

कातारी_रघू, हे आवडलं. मला माझ्या वेळचे दुसरे एक सर आठवले, तीनच महिने होते, बदली झाली. त्यांनी मला एकदा विचारलं होतं, "हा जॉब तू विकत घेशील का?" मी नाही म्हणालो. "मग?" एवढंच. आमच्या कपाटवाल्या सरांनी दोन वर्षांत मला एकही प्रश्न विचारला नव्हता.


तिरपा_गुण्या
२८ सप्टेंबर, रात्री ९.५०

अडीच आठवडे गायब होतो, माफी. सांगण्यासारखं साचलंय.

फळ्या मिळाल्या, जुन्या पॅकिंग केसच्या. आठ पोरांना लागल्या, म्हणजे जवळजवळ निम्मी पोरं चुकीच्या उंचीवर घासत होती आणि मी त्यांना 'सरळ मार' म्हणत होतो.

चुनाभट्टीवाल्यांची तिसरी पायरी केली. पोरांनी जे सांगितलं तेवढंच केलं. एकानं 'मागं आणा' म्हटलं आणि उचलायला सांगितलं नाही, मी कानस दाबूनच मागं ओढली, तर मागून दुसरा ओरडला, "ओ सर, दाते जातील की!" हे त्याला मी कधी शिकवलं नव्हतं. कुठून तरी बघितलं असणार.

सगळ्यात अवघड गेलं ते हात मागं ठेवणं. शब्दशः. मी आता पोराजवळ गेलो की दोन्ही हात पाठीमागं बांधतो, नाहीतर कानस कधी माझ्या हातात येते कळतच नाही. अक्कलकोटच्या पोराचा दुसरा जॉबही बिघडला, तिसराही. तिसरा त्यानं स्वतःच उजेडात धरला आणि म्हणाला, "सर, आता फक्त उजवीकडची कड पडलीय. शेवटी उजवा हात जास्तच जोर करायलाय." चौथा मी बघितलासुद्धा नाही, त्यानं मित्राकडून तपासून घेतला.

बाकी वाईट बातमी पण आहे. प्राचार्यांनी बोलावलं. मटेरियल जास्त का लागतंय, मागच्या बॅचला एवढं लागलं नव्हतं. मी म्हणालो, मागच्या बॅचचे जॉब कुणी केले ते विचारा. म्हणजे मनात म्हणालो. तोंडानं म्हणालो, भंगाराचा हिशेब ठेवतो. आता रोज संध्याकाळी बिघडलेले तुकडे मोजून वहीत लिहितो, कोणत्या चुकीनं बिघडला तेही लिहितो. ते वहीचं पान बघून मलाच कळायला लागलंय की उद्या काय शिकवायचं.

सोमवारपासून हॅकसॉ (लोखंड कापायची करवत). मागच्या वर्षी म्हणे पहिल्याच दिवशी ब्लेडचा फडशा पडला होता. दाते पुढं पाहिजेत, पातळ पत्र्यावर एका वेळी किमान दोन-तीन दाते टेकले पाहिजेत, जुन्या खाचेत नवं ब्लेड घालायचं नाही, ब्लेड ताणायचा विंग-नट किती आवळायचा, हे सगळं माझ्या डोक्यात आहे. पण आता सांगायची भीती वाटते. काय सांगू आणि काय सांगू नको?


पेन्शनीत_कानस
२९ सप्टेंबर, सकाळी ५.५५

ब्लेड किती दिलेत संस्थेनं?


तिरपा_गुण्या
२९ सप्टेंबर, सकाळी ७.३०

वीस पोरांना बारा.


पेन्शनीत_कानस
२९ सप्टेंबर, सकाळी ७.४१

खाचेचं आणि नटाचं आधीच सांगून टाका, ब्लेड तुटलं तर बोटं सोलतात. दात्यांचं सांगू नका. बॉबिनताईंसारखं करा. पाच फ्रेमला ब्लेड सरळ लावा, एकाला उलटं, आणि सगळ्या टेबलावर ठेवून चहाला जा.


बॉबिन
२९ सप्टेंबर, सकाळी ८.०५

चहाला जाऊ नका, दाराआड उभे राहा. मी तसंच करते.